बोलणी सुरू झाली की मला धडकीच भरते

पत्राचा गोषवारा (ऑगस्ट २०२५) : तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. घरी द्राक्षबाग, बेदाण्याचा व्यवसाय. थोरला मुलगा तीन वर्षांपासून कतारमध्ये, दोह्याला एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर. २३ जून २०२५ च्या रात्री इराणनं तिथल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हा दोन तास त्याचा फोन लागला नाही. तेव्हापासून ताईंची झोप उडाली आहे. त्या लिहितात, “चर्चा सुरू झाली की सगळे म्हणतात, बरं झालं. मला उलट धडकी भरते. जूनमध्ये रविवारी बसायचं ठरलं होतं आणि शुक्रवारी बाँब पडले. आता परत बोलणी चाललीत म्हणे. कुणी अणुपाणबुड्या हलवतंय. पोराला आत्ताच परत बोलवू का? तो म्हणतो, आई, इथं सगळं शांत आहे, तू आधी टीव्ही बंद कर. ह्यांचं म्हणणं, विश्रामबागच्या फ्लॅटचे हप्ते त्याच्या पगारावर आहेत, नोकरी सोडून कसं भागेल? आणि स्वतः मात्र रात्री दहापर्यंत त्याच बातम्या लावून बसतात. बेदाणा कोल्ड स्टोअरेजमधून काढायचा की ठेवायचा, यावरून रोज वाद. मुलगा अजून दोन वर्षं राहतो म्हणतोय, लग्नाचं नाव काढत नाही. शेजारणीनं पावसातून किरणोत्सर्ग येतो सांगितलं म्हणून आयोडीनच्या गोळ्याही आणून ठेवल्यात. घरात सगळे मला हसतात. माझं चुकतंय का?”

ताई,

आधी तुमच्या बाजूनं बोलते, कारण घरात ते कुणी बोलत नसावं. तारखांचा तुमचा हिशेब बरोबर आहे. इराणच्या अणुकार्यक्रमावर अमेरिका आणि इराण यांची बोलणी १२ एप्रिल २०२५ ला ओमानमध्ये, मस्कतला सुरू झाली. पाच फेऱ्या झाल्या, काही मस्कतला, काही रोमला. सहावी रविवारी १५ जूनला ठरली होती. शुक्रवारी १३ तारखेला पहाटे इस्रायलनं इराणवर हल्ले सुरू केले आणि २२ तारखेला अमेरिकेनं फोर्दो, नतांझ, इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले. बोलणी फिसकटली, महिनोन्‌महिने धुसफूस झाली आणि मग युद्ध पेटलं, असा क्रम नव्हताच. पुढच्या बैठकीची तारीख कॅलेंडरवर असताना हे घडलं. इराकचंही तसंच. २००३ साली संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक तिथं तपासणी करत होते, आणखी मुदत मागत होते. २० मार्चला युद्ध सुरू झालं, आणि ज्या शस्त्रांचं कारण सांगितलं गेलं ती नंतर सापडली नाहीत. तेव्हा “चर्चा चालू आहे, कशाला घाबरता” असं म्हणणारा माणूस तुम्हाला धीर देत असेल, माहिती देत नाही.

पण बोलणी सुरू झाली म्हणजे युद्ध जवळ आलं, हे जे तुम्ही त्यातून काढलंय, तिथं मी अडते. तुम्ही जून पाहिलात. त्याच्या मागची दहा वर्षंही बघू.

१४ जुलै २०१५ ला व्हिएन्नामध्ये इराण आणि सहा मोठे देश यांच्यात करार झाला. तोही बोलण्यांतूनच आला. दोन-अडीच वर्षं चालली होती ती, आणि त्यांची सुरुवात ओमानमध्येच गुपचूप झाली होती. त्या करारानं इराणला ३.६७ टक्क्यांच्या वर युरेनियम समृद्ध करायला मनाई होती. वीज तयार करायला एवढं पुरतं, बाँबला साधारण ९० टक्के लागतं. साठ्यालाही ३०० किलोची मर्यादा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक प्रत्यक्ष जाऊन मोजत होते आणि इराण अटी पाळतोय असे त्यांचे अहवाल येत होते. तुमच्या मुलानं कतारचा विचारही केला नसेल त्या काळात, आणि तुम्हाला नतांझ हे नाव माहीत असायचं कारणच नव्हतं. ८ मे २०१८ ला अमेरिका करारातून बाहेर पडली. पुढच्या वर्षापासून इराणनं एकेक अट सोडायला सुरुवात केली आणि एप्रिल २०२१ मध्ये तो ६० टक्क्यांवर पोचला. २०२५ च्या भडक्याचं बरंचसं मूळ मला तिथं दिसतं. मस्कतमध्ये बसले ते हे आवरायलाच, फक्त फार उशिरा. एकमेकांवर भडकलेली माणसं सहसा तेव्हाच बोलायला बसतात, म्हणून बोलणी आणि बाँब बातमीत शेजारी-शेजारी दिसतात.

आपल्याकडचंच बघा. दर १ जानेवारीला वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी असते. भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला आणि १९९२ पासून ही देवघेव एकदाही चुकलेली नाही. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, मुंबई झाली, पुलवामा-बालाकोट झालं, तरी नाही. ही बातमी टीव्हीवर मोठ्या अक्षरांत कधी येत नाही. येणार तरी कशी, त्यात काही घडलेलंच नसतं! २०२५ च्या मे महिन्यातही, पहलगामनंतरच्या त्या चार दिवसांच्या संघर्षात, १० तारखेला दुपारी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांचा आपल्या महासंचालकांना फोन आला आणि संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवायचं ठरलं. दोन्ही सैन्यांमधली ती फोनची सोय कित्येक वर्षांपासून, भांडणं चालू असतानाही, जिवंत ठेवलेली आहे.

उलटाही प्रकार असतो. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी उत्तर कोरियाला जगानं पाहिली नसेल अशी आग दाखवण्याची धमकी दिली होती. तेव्हाच्या बातम्या आठवतात का? अणुयुद्ध दारात आल्यासारखं वातावरण होतं. पुढच्या जूनमध्ये, १२ तारखेला, तेच दोन नेते सिंगापूरला हस्तांदोलन करत होते. त्या भेटीतूनही पुढे फारसं काही निघालं नाही, ते सोडा. तुमच्या पत्रातल्या पाणबुड्याही त्याच जातीच्या. १ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी रशियाच्या एका माजी अध्यक्षांच्या बोलण्यावर चिडून दोन अणुपाणबुड्या योग्य जागी न्यायला सांगितल्याचं जाहीर केलं. त्या अणुशक्तीवर चालणाऱ्या की अण्वस्त्रं नेणाऱ्या, हेही स्पष्ट केलं नाही. अमेरिकेच्या पाणबुड्या एरवीही समुद्रात असतातच, आणि त्या नेमक्या कुठं आहेत हे एरवी कुणी सांगत नाही. जाहीर केलं ते रशियानं आणि जगानं ऐकावं म्हणून.

म्हणजे बघा, शांत बोलणी चालली असताना युद्ध झालं, आणि भयंकर धमक्या चालल्या असताना काहीच झालं नाही. मोठ्या माणसांच्या बोलण्यावरून पुढचं ओळखता येत नाही, घाबरायलाही नाही आणि निर्धास्त व्हायलाही नाही. तुम्ही रोज त्या बोलण्यावरून मुलाची नोकरी, फ्लॅट आणि बेदाणा असे तीन निर्णय घेऊ पाहताय. तुमची भीती खोटी नाही, पण तिनं धरलेलं माप भरवशाचं नाही.

मग भरवशाचं काय? ते आपल्या सांगलीकरांना कुणी शिकवायला नको. पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली की मोबाइलवर काय काय फिरतं! कोयनेतून इतके लाख क्युसेक सोडले, अमुक धरणाला तडा गेला, रात्रीतून गाव जाणार. आपण ऐकतो, पण गाडी काढतो ती आयर्विन पुलाजवळची पातळी बघून. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. नदीकाठच्या प्रत्येक घराचा आपला आकडा ठरलेला असतो, अमक्या फुटाला जनावरं हलवायची, तमक्याला माणसं. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि त्या वेळी निभावली ती बहुतेक आकडा आधी ठरवलेली घरं. तुमच्या मुलासाठी असा आकडा कुणीच ठरवलेला नाही. त्यामुळे तुम्हाला प्रत्येक थेंब महापुराचा वाटतो आणि त्याला महापूरही थेंबच वाटेल, अशी मला शंका आहे.

हा आकडा तुम्ही एकट्यानं ठरवायचा नाही. मुलाबरोबर, यजमानांना शेजारी बसवून, एका निवांत सुट्टीच्या दिवशी ठरवा. माझ्या मते तो असा काहीसा असावा. भारतीय दूतावासानं ‘गरज नसेल तर प्रवास टाळा’ म्हटलं, तर सावध व्हायचं, कागदपत्रं आणि तिकिटाचे पैसे तयार ठेवायचे. दूतावासानं देश सोडायचा सल्ला दिला, किंवा त्याच्या कंपनीनं परदेशी कर्मचाऱ्यांची कुटुंबं हलवायला सुरुवात केली, तर वाद न घालता निघायचं, मग हप्ता बुडाला तरी चालेल. दोह्याची विमानं काही तास बंद झाली तर ती बातमी. काही दिवस बंद राहिली तर तो इशारा. आणि त्याला स्वतःला तिथं राहणं नको वाटलं, तर कुठल्याही आकड्याची वाट न बघता यायचं, घरातून एका शब्दानं अडवायचं नाही. हे शेवटचं यजमानांच्या तोंडून त्याला ऐकू येऊ द्या. हप्ते चालू असलेल्या घरातली कमावती पोरं भीती बोलून दाखवत नाहीत.

आता २३ जूनच्या रात्रीकडे वळू, कारण सगळी गाठ तिथं आहे. दोह्याजवळच्या अल् उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं पडली त्या रात्री जीवितहानी झाली नाही. हल्ला होणार याची पूर्वसूचना इराणनं दिली होती. अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याबद्दल जाहीरपणे आभारही मानले! कतारनं आपलं आकाश काही तास बंद ठेवून त्याच रात्री उघडलं आणि दुसऱ्या दिवशी, २४ जूनला, युद्धबंदी झाली. अमेरिका आणि इराणचे राजनैतिक संबंध १९८० पासून तुटलेले आहेत. तेहरानमध्ये अमेरिकेचं काम स्वित्झर्लंडची वकिलात बघते आणि निरोप कधी ओमान तर कधी कतार पोचवतं. तरीही त्या रात्री निरोप पोचला. तुम्ही ज्याला बोलणी म्हणता त्यातलं बरंचसं असं आडवाटेनं चालतं, ऐन लढाईतही. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये क्युबावरून अमेरिका आणि सोव्हिएत रशिया अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर होते, तेव्हा एकमेकांची पत्रं पोचून, उलगडून, वाचून व्हायला अर्धा-अर्धा दिवस जाई. ते संकट टळलं आणि पुढच्याच जूनमध्ये दोघांनी थेट संदेशाची तार जोडायचा करार केला. पत्र वेळेत न पोचण्याची भीती त्यांनाही होतीच.

तुमचा फोन लागला नाही तो क्षेपणास्त्रांनी नाही. तशा वेळी सगळेच एकदम फोन करतात आणि लाइन तुंबते. भारतीयच तिथं आठ लाखांच्या आसपास आहेत, प्रत्येकाची आई आहे. त्यावर उपाय साधा आहे. त्यानं गडबड झाल्याबरोबर एकाच माणसाला, धाकट्या भावाला किंवा मामाला, ‘ठीक आहे’ एवढाच मेसेज टाकायचा आणि त्या माणसानं सगळ्यांना कळवायचं. कॉल तुंबतो तेव्हाही मेसेज बऱ्याचदा निघतो. किती तास निरोप नाही आला तर काळजी करायची, तेही आधी ठरवा. दोन तासांत काहीच ठरत नसतं.

पुढच्या फोनवर “तिथं कसं आहे?” असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘शांत आहे’ हेच येणार. दूतावासाकडे नोंदणी केलीस का, पासपोर्ट तुझ्याच ताब्यात आहे ना कंपनीकडे, कतारच्या ओळखपत्राची मुदत कधी संपते, कंपनीची अडचणीच्या वेळची योजना लेखी आहे का, एका बाजूच्या तिकिटापुरते पैसे हात न लावता वेगळे ठेवलेत का, नोकरी सोडली तर नोटीस किती आणि ग्रॅच्युइटीचं येणं किती, हे विचारा. या प्रश्नांना ‘शांत आहे’ हे उत्तर चालत नाही. माझा अंदाज, दोन-तीन गोष्टी त्यानं केलेल्या नसतील. त्या महिन्याभरात करून घ्यायला लावा. आईची काळजी त्याला अशानं कामाची वाटेल, ओझं वाटणार नाही.

सरकार अशा वेळी हात वर करतं, असा समज असेल तर तोही काढून टाका. जून २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंधू’त इराण आणि इस्रायलमधून चार हजारांहून अधिक भारतीय आणले गेले. त्यात विद्यार्थी पुष्कळ होते आणि पहिली तुकडी आर्मेनियामार्गे आली. १९९० साली कुवेतवर इराकनं चढाई केली तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार लोक विमानांनी परत आणले होते. ताटकळणं असतं, रांगा असतात, काही दिवस हाल होतात, हे खरं. पण ज्याचे कागद हातात असतात आणि नाव दूतावासाच्या यादीत असतं, त्याचे हाल कमी होतात.

मग आत्ताच बोलवायचं का? मी म्हणेन, नाही. आज, ऑगस्ट २०२५ मध्ये, कतारमध्ये राहण्यात रोजच्यापेक्षा फार वेगळा धोका दिसत नाही, आणि आईच्या हट्टानं नोकरी सोडून आलेला पंचविशी-तिशीचा मुलगा चार महिने इथं रिकामा बसला, तर घरात जे सुरू होईल ते तुम्हाला माझ्याहून चांगलं कळतं. दुसरीकडे, कुठलाही आकडा न ठरवता “बघू पुढं” म्हणत राहणं हेही बरोबर नाही. तो सुट्टीवर आला की या विषयावर समोरासमोर बसा. आणि तेव्हा स्वतःलाही एक विचारून ठेवा. इराण नसतं, अमेरिका नसती, तर ‘अजून दोन वर्षं’ हे त्याचं म्हणणं तुम्हाला चाललं असतं का? पत्रात त्या ओळीवर तुमची शाई जरा दाटलेली दिसली. तो तिकडंच रमेल, लग्न लांबवेल, बाग कुणी बघायची, या काळज्या साध्या घरच्या आहेत आणि त्यांना युद्धाचं कारण लागत नाही. त्या त्याच्याशी सरळ बोला. युद्धाच्या आडून बोललात तर तो युद्धाबद्दलच उत्तर देईल.

आयोडीनच्या गोळ्या घेऊ नका, कुणाला देऊ नका. त्या फक्त थायरॉईड ग्रंथीला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात आणि ते बाहेर पडतं अणुभट्टीला अपघात झाला किंवा अणुबाँब फुटला तर. हल्ले झाले ती मुख्यतः युरेनियमवर प्रक्रिया करायची आणि ते समृद्ध करायची केंद्रं होती. तिथून गळती झाली तर धोका मुख्यतः रासायनिक, आणि आवाराच्या आसपासचा. केंद्रांच्या बाहेर किरणोत्सर्ग वाढल्याचं आढळलं नाही, असं अणुऊर्जा संस्थेनं हल्ल्यांनंतर सांगितलं. इस्फहान आपल्यापासून दोन हजार किलोमीटरहून जास्त लांब आहे. तासगावच्या पावसात त्यातलं काही नाही. घरात कुणाला थायरॉईडचा त्रास असेल तर या गोळ्या उलट अपाय करू शकतील.

आणि ‘अणुयुद्ध’ हा शब्द शेजारीण वापरते म्हणून सांगते. ६ ऑगस्ट २०२५ ला हिरोशिमावरच्या बाँबला ८० वर्षं झाली. ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर बाँब पडला, त्यानंतर एकाही युद्धात अण्वस्त्र वापरलं गेलेलं नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यात जगात सत्तर हजारांच्या घरात अण्वस्त्रं होती, आज बारा हजारांच्या आसपास आहेत. बारा हजार थोडी नाहीत. पण जी कमी झाली ती एकमेकांचा विश्वास नसलेल्या लोकांनी टेबलावर बसून केलेल्या करारांनी.

आता यजमान. ते स्वतः रात्री दहापर्यंत बातम्या बघतात आणि तुम्हाला हसतात, यात मला त्यांचीही धास्तीच दिसते, फक्त ती बेदाण्याच्या भावाच्या नावानं बाहेर पडते. मे महिन्यातली ८ तारखेची रात्र त्यांना आठवून द्या. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं आपल्या वाहिन्यांवर सांगत होते, ते खोटं निघालं. एटीएम बंद राहणार असा मेसेज फिरत होता, तोही खोटा, सरकारला खुलासा करावा लागला. जी रात्र आपल्या सीमेची होती तिचं हे, तर इस्फहानचं काय धरून बसायचं? टीव्ही कायमचा बंद करा असं मी म्हणत नाही, ते कुणाच्याच घरात टिकत नाही. जेवायच्या आधी अर्धा तास लावा, जेवण झाल्यावर नको. सकाळचं वर्तमानपत्र पुरेसं आहे. रात्री अकराला कळलेल्या बातमीवर तुम्ही सकाळपर्यंत करणार तरी काय?

बेदाण्याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी एवढं सांगते. आपला बहुतेक बेदाणा देशातच खपतो. आखातात भडका उडाला तर निर्यातीच्या मालाची आणि डिझेल-गॅसची झळ नक्की बसेल, कारण जगातलं जवळजवळ पाचवा हिस्सा तेल होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातं आणि आपला स्वयंपाकाचा गॅसही बराचसा तिकडूनच येतो. पण जूनमध्ये तेल चढलं आणि युद्धबंदीनंतर पुन्हा युद्धाआधीच्या भावाजवळ आलं. त्या बारा दिवसांत घाईनं व्यवहार केलेल्यांना विचारा. सणांची मागणी, मालाचा रंग, स्टोअरेजचं भाडं आणि बागेच्या छाटणीला लागणारा पैसा यावरून सौद्याला माल लावायचा. थोडा आत्ता, थोडा दिवाळीआधी, असं विभागलंत तर वाद निम्म्यावर येईल.

झोपेचं मात्र हलक्यात घेऊ नका. दीड महिना झोप नीट नाही, हा बातम्यांचा विषय उरलेला नाही. मिरजेला डॉक्टरांची कमी नाही, साध्या डॉक्टरांना आधी दाखवा. १४४१६ हा मनाच्या आरोग्यासाठीच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि त्यासाठी वेडं असावं लागत नाही.

असंच पत्र लिहावं वाटणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. मे महिन्यात सातारा जिल्ह्यातून फौजींच्या घरची पत्रं आली होती. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथं आकडा घरानं ठरवायचा नसतो, तो वरून येतो. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाला मी काय सांगणार? पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, आणि आजही तिथली मुलं फौजेत जातात. त्या घरांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कुठं आहेस, काय चाललंय हे ते फोनवर विचारत नाहीत, आणि त्यानं सांगितलं तरी पुढं पाठवत नाहीत. ज्यांची मुलं जहाजांवर आहेत त्यांनी मुलाच्या कंपनीचा आणि मॅनिंग एजंटचा (जहाजावर माणसं भरती करणाऱ्याचा) नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवावा. शिकायला गेलेल्या मुलांच्या पालकांनी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागाचा. मोबाइल हरवतो, बंद पडतो, भिंत तिथंच असते.

ताई, आता पुढच्या तारखा आजच सांगून ठेवते, म्हणजे त्या अंगावर येणार नाहीत. २५ जुलै २०२५ ला इस्तंबूलमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी यांचे प्रतिनिधी इराणला भेटले. ऑगस्टअखेर काही ठरलं नाही तर २०१५ च्या कराराआधीचे संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध परत आणू, असं या तिघांनी बजावलंय. तसं करायचा त्यांचा अधिकार १८ ऑक्टोबर २०२५ ला संपतो. म्हणजे गणपतीच्या दिवसांत एकदा आणि दिवाळीच्या तोंडावर एकदा, टीव्हीवर लाल पट्टीत ‘उलटी गिनती’ दिसणार. ते निर्बंध आले तरी ते शस्त्रांच्या आणि पैशाच्या व्यवहारांवरचे निर्बंध असतील, हल्ला नव्हे. त्यावर इराण चिडेल, कडक भाषा वापरेल, निरीक्षकांना बाहेर काढायची धमकीही देईल. त्यातलं काहीही तुम्ही ठरवलेल्या आकड्यात बसत नसेल, तर मुलाला रोजच्याच वेळेला फोन करा आणि ओळखपत्राचं नूतनीकरण झालं का तेवढं विचारा.